बायबॅक : खिसा बदलला, मालक तोच

कंपनीने आपलेच समभाग भागधारकांकडून परत विकत घेणे म्हणजे बायबॅक. हा सीए लोकांचा विषय म्हणून आपले कार्यकर्ते तिकडे फिरकत नाहीत. पण कर कोणी भरायचा आणि कोणी सुटायचे हे जिथे ठरते, तिथे आपण नसलो तर ते आपल्याविरुद्धच ठरणार.

उदाहरण घ्या. एका कौटुंबिक कंपनीचे १ लाख समभाग आहेत. वडिलांकडे ४० हजार, आई आणि दोन मुलांकडे प्रत्येकी २० हजार. प्रत्येकाने आपले दहा टक्के समभाग कंपनीला विकले. दहा हजार समभागांचे १० कोटी रुपये घरात आले. आता मालकी किती? वडिलांकडे ९० हजारांतले ३६ हजार, म्हणजे तेच ४० टक्के. मुलांचे तेच २० टक्के. काहीच विकले गेले नाही, फक्त नफा घरी आला. मग याला लाभांश म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

कायद्याला हे कळायला वेळ लागला. शेअर बाजारात नसलेल्या कंपन्या लाभांशाऐवजी बायबॅक करून कर टाळतात, म्हणून १ जून २०१३ पासून अशा कंपन्यांवर २० टक्के कर आला. ५ जुलै २०१९ पासून तो बाजारातल्या कंपन्यांनाही लागला. अधिभार आणि उपकरासह तो सुमारे २३.३ टक्के होई, आणि भागधारकाच्या हाती आलेली रक्कम करमुक्त! २०२० पासून मात्र लाभांशावर श्रीमंत भागधारकाला ३५.८८ टक्क्यांपर्यंत कर बसू लागला. मग पैसा कोणत्या दाराने बाहेर पडणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी हे दार बंद झाले. त्यानंतर मार्च २०२६ पर्यंत बायबॅकची पूर्ण रक्कम भागधारकाच्या हाती लाभांश मानली जाई. हे होताच ओरड सुरू झाली: समभागांची खरेदी किंमत वजा न करता कर कसा लावता? छोट्या भागधारकाचे काय?

छोट्या गुंतवणूकदाराची तक्रार खरी आहे. ज्याने ९०० रुपयांना घेतलेला समभाग १००० ला दिला, त्याचा नफा १०० च आहे. त्या नियमात त्याची खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून आठ वर्षे पुढे ओढता येई. पण तो वळता करून घ्यायला पुढे भांडवली नफा तर व्हायला हवा! त्याला सवलत द्याच.

पण वरच्या कुटुंबाने दहा रुपये दर्शनी किमतीला घेतलेल्या त्या दहा हजार समभागांची खरेदी किंमत आहे १ लाख रुपये. दहा कोटींतून एक लाख वजा करा, काय फरक पडतो? खरी मागणी वजावटीची नाहीच, दराची आहे. लाभांश म्हटले तर सुमारे साडेतीन कोटी कर, दीर्घकालीन भांडवली नफा म्हटले तर सुमारे दीड कोटी. दोन कोटींसाठी छोट्या भागधारकाला ढाल केले जाते, आणि या कंपनीत तर छोटा भागधारक औषधालाही नाही.

यावर तोडगा नाही असेही नाही. भांडवलशाहीची पंढरी अमेरिका, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली डेव्हिस खटल्यात पत्नी आणि मुलांचे समभागही त्या माणसाचेच धरले आणि कंपनीने परत घेतलेल्या समभागांचा पैसा लाभांश ठरवला. तिथे हिस्सा खरोखर घटला किंवा भागधारक पूर्ण बाहेर पडला, तरच ती विक्री. कसोटी सोपी आहे: कुटुंबाची पकड सैल झाली का? झाली असेल तर भांडवली नफा, नसेल तर लाभांश. हीच कसोटी आपल्या कायद्यात लिहा.

आमच्या वस्तीतली सफाई कामगार ताई मोबाईलचा रिचार्ज मारते, त्यात १८ टक्के जीएसटी असतो. तिला कोणी वजावट विचारत नाही. या देशात संपत्ती कर २०१५ साली गेला, वारसा संपत्तीवरचा कर १९८५ सालीच गेला. म्हणजे बापाची कंपनी मुलाला करमुक्त मिळते, आणि तिच्यातला नफाही कमी करात हवा!

संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, असे संविधानाचा अनुच्छेद ३९ (ग) राज्याला बजावतो. ज्यांना ते मान्य आहे, त्यांनी हा विषय सीएंवर सोडू नये.