‘घरात घुसून मारहाण’: आधी कलमे विचारा

वाटणीचा वाद, अंगणातली भिंत, नळाचे पाणी. दोन घरांत आवाज चढतो, पुतण्या तावातावाने चाचांच्या घरात शिरतो, धक्काबुक्की होते आणि रात्री पोलीस दारात उभे राहतात. अशी पत्रे आमच्याकडे वरचेवर येतात. पहिला प्रश्न ठरलेला: मुलगा सुटेल का? आम्ही उलट विचारतो, कलमे कोणती लावली आहेत?

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३२९ प्रमाणे नुसते आत पाऊल टाकणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने शिरणे, अथवा रीतसर आत जाऊन त्याच इराद्याने ठाण मांडणे, हे फौजदारी अतिक्रमण. इथे कागद कोणाच्या नावावर यापेक्षा ताबा कोणाचा हे पाहतात. वडिलांच्या पश्चात मुलीचा हिस्सा शरीअतने ठरवलेलाच आहे. तो मागायला बहीण माहेरी गेली आणि भावाने तक्रार दिली, तर ‘माझा हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीने गेले’ हा तिचा बचाव होऊ शकतो. अशी तक्रार देणाऱ्या भावाबद्दल आम्ही काय बोलावे!

खरा फरक पुढे आहे. राहत्या घरात शिरल्याचे कलम ३२९(४) एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचे आणि जामीनपात्र आहे. साधी दुखापत, कलम ११५(२), हीही जामीनपात्र. एकटी असेल तर अदखलपात्रच. पण मारहाणीची तयारी करून घरात शिरल्याचे कलम ३३३ लागले की शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि गुन्हा अजामीनपात्र होतो. काठी घेऊन जाणे वेगळे आणि आत गेल्यावर शब्दाने शब्द वाढून हात उचलला जाणे वेगळे. फिर्यादीत काठीचा उल्लेख आहे का, ती जप्त झाली का, हे वकिलांना आधी दाखवा. हाड मोडले किंवा दात पडला तर मात्र ती गंभीर दुखापत ठरते.

कलम ३३३ लागले म्हणून अटक झालीच पाहिजे असेही नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेची गरज का, याची कारणे पोलिसांनी नोंदवायची असतात. एरवी हजर राहण्याची नोटीस द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. नोटीस आली तर ठरल्या वेळी जा, टाळू नका. अटक झालीच तर कारण सांगणे, घरच्यांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आपल्या मुलालाही मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणीत तो लिहून घ्यायला सांगा.

मिटवायचे असेल तर ठाण्याच्या बाहेर पाकीट देऊन नको. ३२९(४) आणि ११५(२) मध्ये फिर्यादीला न्यायालयात तडजोड करता येते. ३३३ साठी उच्च न्यायालयातच जावे लागते. फीची ऐपत नसेल तर कोठडीतल्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. तिचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते.