एवढीशी तर बुरशी!

मैत्रिणींनो, पावसाळा सुरू झाला की आपल्या स्वयंपाकघरात एक आगंतुक न विचारता मुक्कामाला येतो. पावाच्या लादीवर हिरवे ठिपके दिसतात, शेंगदाण्यांच्या डब्याला कुबट वास येतो, कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर राखेसारखा थर बसतो. आपण म्हणतो, "एवढीशी तर बुरशी आहे!" आणि पुसून, खरवडून, ऊन दाखवून मोकळ्या होतो. मीही होत होते.

दोन वर्षांमागची गोष्ट. गावाहून दिरांनी पाठवलेली शेंगदाण्यांची पिशवी ओट्याखाली तशीच राहून गेली. श्रावणी सोमवारच्या खिचडीसाठी बाहेर काढली, तर तळाच्या दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, धुऊन वाळव आणि खरपूस भाज. अग्नीत सगळं जळून जातं." मला ते खावेसे वाटेना आणि टाकवेनाही. शेवटी मी जे केले, ते आपल्यापैकी पुष्कळजणी करतात. वरचे चांगले दिसणारे दाणे घरात ठेवले आणि तळाचे धुऊन, वाळवून आमच्या कामाच्या मावशींना दिले. "निवडून घ्या हं," असेही वर सांगितले. अन्न वाया गेले नाही म्हणून मनाला बरेच वाटले.

त्याच आठवड्यात शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. एका मुलीने विचारले, "बाई, बुरशी म्हणजे झाड की प्राणी?" मी पडले कलाशाखेची. "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तकांत डोके घातले. वाचता वाचता मला त्या पिशवीची आठवण झाली आणि पोटात गोळाच आला.

आधी त्या मुलीचे उत्तर सांगते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

झाड आपला स्वयंपाक आपणच करते. ऊन, पाणी आणि हवा एवढे त्याला पुरते. प्राण्याला ते जमत नाही, त्याला तयार अन्न आत घ्यावे लागते. कोळंबी साफ करताना आपण तिच्या पाठीतला काळा दोरा ओढून काढतो ना, ती तिची आतडी. कोळंबी घ्या, गांडूळ घ्या, मासा घ्या नाहीतर आपण स्वतः, रूपे किती निराळी! पण मूळ घडण तीच: एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला बाहेरची वाट आणि मध्ये लांबच लांब नळी. समुद्रातल्या जेलीफिशला तर एकच दार असते, जेवण आत तिथूनच आणि उष्टे-खरकटे बाहेरही तिथूनच. स्पंज नावाच्या प्राण्याला तेही दार नाही. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून तो पाणी आत घेतो आणि त्यातले अन्न गाळून घेतो. तऱ्हा वेगवेगळ्या, पण बहुतेकांचा क्रम एकच, की अन्न आधी अंगात जाते आणि मग पचते.

बुरशीचे सगळे उलटे. तिला तोंड नाही, पोट नाही. ती स्वतःच अन्नात शिरते. तिचे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक अशा तंतूंचे जाळे. हे तंतू अन्नात पाचक रस सोडतात, अन्न बाहेरच्या बाहेर पचवतात आणि तयार झालेले सत्त्व शोषून घेतात. आपल्याला दिसणारा हिरवा किंवा काळा ठिपका म्हणजे तिचे बीजाणू, म्हणजे 'बी' म्हणा ना. आपण आवडीने खातो ती अळंबीसुद्धा अशा जाळ्याला आलेले फळच. जाळे असते मातीत, लाकडात नाहीतर वारुळात.

आता विचार करा. पावावरचा ठिपका खरवडला, म्हणजे आपण काय केले? आंबे उतरवले आणि झाड तसेच ठेवले. वर रंग दिसू लागतो तोवर मऊ पदार्थात तंतू आतपर्यंत गेलेले असू शकतात.

तर बुरशी झाडही नाही आणि प्राणीही नाही. पूर्वी तिला वनस्पतींतच गणत. 1969 साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच घराणी मांडली, त्यात कवकांचे, म्हणजे बुरशी-अळंबी-यीस्ट यांचे, घराणे वेगळे धरले. पुढे 1993 साली रेणूंच्या तुलनेवरून असे दिसून आले, की नात्याने बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत जे कायटिन असते, तेच कोळंबीच्या नि खेकड्याच्या कवचातही असते.

हे नाते आपल्याला थोडे महागात पडते. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असल्यामुळे बुरशीला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही, असे औषध शोधणे अवघड जाते. नायटा हा बुरशीचाच आजार, त्याचा किड्याशी संबंध नाही. त्यावर शेजारणीने सुचवलेले किंवा दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नका. चार दिवस खाज थांबते, पण नायटा आतून पसरतो आणि मग हटता हटत नाही. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितले तितके दिवस औषध पुरे करा.

बुरशीचे उपकारही सांगायला हवेत. पाव फुगतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट म्हणजे एकपेशी कवकच. गोव्यात पूर्वी पावाचे पीठ माडाच्या ताडीने फुगवत, त्या ताडीतही हेच यीस्ट. (दही मात्र जिवाणूंचे काम, बुरशीचे नव्हे.) 1928 साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत चुकून बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले. त्यातून पेनिसिलिन मिळाले. आपल्याकडे त्याच औषधासाठी 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला. म्हणून कुणी म्हणेल, "बुरशीतच औषध असतं, थोडी पोटात गेली तर बिघडलं कुठं?" तर बिघडते. बुरशीच्या जाती अनेक. एक औषध देते, तर दुसरी विष.

ते विष कसे सापडले, ऐका. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. शोध घेता घेता माग लागला तो त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी होती. तिच्या नावावरून विषाचे नाव पडले अफलाटॉक्सिन. हे यकृतावर आघात करते. एकदम जास्त पोटात गेले तर कावीळ होते, आणि थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि हे काही परदेशातच घडले असे नाही. 1974 साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या भागांत अवेळी पावसाने मका भिजला आणि त्यावर बुरशी आली. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. सुमारे 400 माणसे काविळीने आजारी पडली आणि त्यांतली 100 च्यावर दगावली. गावातल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला.

सासूबाईंच्या 'अग्नीत सगळं जळतं' याचे उत्तरही इथेच मिळाले. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच करून ठेवलेले विष आपल्या चुलीच्या आचेने पूर्ण जात नाही. गायीला घातले तर? तिच्या दुधातून ते वेगळ्या रूपात परत आपल्याकडेच येते.

आता काय करायचे, ते थोडक्यात:

पाव, पोळी, भात, ढोकळा, पनीर, जॅम अशा मऊ पदार्थांवर बुरशी दिसली, तर सगळा पदार्थ टाका. नाकाशी नेऊन वास घेऊ नका, बीजाणू श्वासात जातात.

गाजर, कोबी अशा घट्ट भाज्यांना लहानसा डाग असेल, तर डागाच्या भोवतीचा आणि खालचा इंचभर भाग कापून टाका. सुरी डागातून फिरवू नका.

शेंगदाणे, मका, सुके खोबरे आणि सुक्या मिरच्या यांना विशेष जपा. पावसाळ्यात महिन्यापुरतेच आणा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला हात घालू नका. सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाका. दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंका. पिशवीत बुरशी पसरली असेल, तर निवडत बसू नका, सगळेच टाका.

लोणच्यावर तेलाचा थर हवा, तो हवा अडवतो आणि हवेशिवाय बुरशी वाढत नाही. चमचा कोरडा असू द्या. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली, तर बरणीचा मोह सोडा.

फ्रिज म्हणजे तिजोरी नव्हे. थंडीने बुरशी मंदावते, मरत नाही.

कांद्यावरच्या काळ्या भुकटीला मात्र उगाच घाबरू नका. 2021 साली करोनाच्या लाटेत 'काळी बुरशी' कांद्यामुळे होते अशी अफवा उठली होती. तो आजार निराळ्या बुरशीचा, आणि तो मुख्यतः मधुमेह असलेल्यांना किंवा स्टेरॉइड घेतलेल्यांना झाला. कांद्याची वरची सालपटे काढा, धुवा, आतून स्वच्छ असेल तर वापरा.

रानातली अळंबी ओळखीच्या जाणत्या माणसाशिवाय घेऊ नका. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळी पडते का, या परीक्षांवर विसंबू नका. विषारी अळंबी त्यातूनही सुटते, आणि शिजवून तिचे विष जातेच असे नाही.

त्या संध्याकाळी मी चांगल्या दाण्यांची पुडी घेऊन मावशींच्या घरी गेले. थोड्या दाण्यांची चटणी सकाळीच मुलीच्या डब्यात गेली होती. एखाद्या वेळी थोडे पोटात गेल्याने सहसा काही होत नाही, हे मी वाचले होते, तरी पुढचे चार दिवस रोज मुलीची चौकशी केली. मुलगी ठणठणीत होती. उरलेले दाणे परत मागितले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही ते खाणार नाही, हे मला कळलं होतं. पण दिलेलं नको कसं म्हणायचं?"

मला काही बोलता आले नाही. घरी येऊन ती पिशवी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. घरात वेगळे ठेवलेले 'चांगले' दाणेही त्यातच गेले. सासूबाई बघत होत्या. मी त्यांना मक्याची गोष्ट सांगितली. थोड्या वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही गं."

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे डबा उघडल्यावर मन द्विधा झाले, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मी माझ्या मुलाच्या ताटात वाढीन का? उत्तर 'नाही' असेल, तर ते दुसऱ्या कुणाच्याही ताटात जाऊ देऊ नका.