‘काई होत नाई’ हे आपल्याले कोनं शिकवलं?



चुरणे आटोपले, धान घरी आलं, लोकं जरा रिकामे झाले. तरी या महिन्यात वनहक्काच्या बैठकांना माणसं कमी येत आहेत. बाया येतात, माणसं पारावर बसून राहतात. विचारलं तर उत्तर एकच मिळते : “जाऊ द्या ना भाऊ, काई होत नाई. मोठ्या मानसाले कोन पुसते?” लहान पोरंही आता हेच बोलतात. म्हणून या अंकात दुसऱ्या बातम्या मागे ठेवून या एका वाक्यावरच लिहितो.

पहिले कबूल करू की हे वाक्य लोकांनी उगाच पकडलेलं नाही. त्याला आपल्याच जिल्ह्यात ३५ वर्षांचा पुरावा आहे.

पवनीजवळचं गोसेखुर्द पाहा. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी कोनशिला बसवली. सुरुवातीचा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. पुढे सुधारित मान्यता घेत घेत तो आकडा १८,४९४ कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर भिजणार होतं. वैनगंगेकाठच्या गावांनी घरं सोडली, बांध्या सोडल्या, ढिवरांच्या डोंग्यांचे घाट गेले. नव्या गावठाणात पाणी-रस्ता मागायला पंचवीस वर्षं मोर्चे काढावे लागले, तेव्हा २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचं पॅकेज आलं. आणि कालवा? डाव्या कालव्याचं अस्तरीकरण इतकं निकृष्ट झालं की उखडून पुन्हा करायची पाळी आली. आज धरणात पाणी आहे. त्यात नागपूरची नाग नदी आपली घाण आणून टाकते, तेही आहे. पण ज्याच्या नावानं धरण बांधलं त्या शेताच्या टोकाले पाणी अजून पोहोचायचं आहे.

पैसा कुठं गेला हे विचारणारा पहिला मोठा आवाज आपल्यातला नव्हता, सरकारातलाच होता. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली वरच्यांना पत्र लिहिलं की सिंचनाच्या कामात काय चाललं आहे. त्याच वर्षी सरकारच्याच आर्थिक पाहणीत निघालं की दहा वर्षांत सिंचन वाढलं ०.१ टक्का, आणि खर्चाचा आकडा बोलला जात होता ७० हजार कोटींचा. विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली, हेही बाहेर आलं. जलसंपदा खातं १९९९ पासून २००९ पर्यंत अजित पवार यांच्याकडे होतं, आणि जलसंपदा मंत्री हाच महामंडळाचा अध्यक्ष असतो.

पुढच्या तारखा नीट वाचा. पोरांना वाचून दाखवा. २५ सप्टेंबर २०१२ ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि ७ डिसेंबरला ते परत उपमुख्यमंत्री झाले. अडीच महिने. आपल्या इथं रेशनकार्डावर नाव चढायला याहून जास्त दिवस लागतात.

मग चितळे समिती आली. तेव्हा विरोधात असलेले देवेंद्र फडणवीस आणि त्यांचे सोबती समितीकडे बैलगाडीतून पुरावे घेऊन गेले. फोटो सगळ्या पेपरात आला. २०१४ ला फडणवीस स्वतः मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरात लाचलुचपत खात्याला चौकशीची परवानगी दिली. इथवर लोकांना वाटलं की आता काहीतरी होते. २०१६ ला गोसेखुर्दच्या घोडाझरी शाखा कालव्याच्या कामात गुन्हा दाखल झाला. नावं निघाली अभियंत्यांची आणि ठेकेदारांची. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच लाचलुचपत खात्यानं नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दिलं की कामकाजाच्या नियमांप्रमाणे खात्याच्या कारभाराला मंत्री जबाबदार असतो.

एक वर्ष गेलं. २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या पहाटे राजभवनात फडणवीसांसोबत अजित पवारांनी शपथ घेतली. २५ तारखेला खात्यानं नऊ चौकश्या बंद केल्या. म्हणाले, यांचा अजित पवारांशी संबंध नाही. २७ तारखेला प्रतिज्ञापत्र गेलं की अध्यक्षाला खालच्या यंत्रणेच्या कामासाठी जबाबदार धरता येत नाही. कायदा तोच, फाईल तीच, सही तीच. वर्षभरात अर्थ उलटा झाला. ते सरकार साडेतीन दिवसांत पडलं, दुसरं आलं, त्यातही ३० डिसेंबरला उपमुख्यमंत्री तेच. २७ जून २०२३ ला पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीच्या ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांवर बोट ठेवलं, त्यात सिंचनाचं नाव घेतलं. पाचव्या दिवशी, २ जुलैला, अजित पवार त्यांच्याच मित्रसरकारात उपमुख्यमंत्री. बैलगाडी हाकणारे फडणवीस तेव्हा आपल्या भंडारा जिल्ह्याचे पालकमंत्री होते. आता विचारावं तर कोणाले? बैल का गाडी?

न्यायालयानं अजित पवारांना दोषी ठरवलेलं नाही, आणि आमचं पत्रक म्हणजे न्यायालय नाही. आमचा सवाल तेवढाच आहे की ही गोष्ट न्यायाधीशापुढं पुराव्यानिशी तपासली जाऊन का संपली नाही, शपथविधीच्या आठवड्यात का संपली.

दुसरी गोष्ट तर सरळ आपल्या नावाच्या खात्यातली. २००४ ते २००९ या काळात आदिवासी विकास विभागातून आदिवासींना द्यायच्या वस्तूंत, डिझेल इंजिन, पाइप, गॅस शेगड्या अशा वस्तूंत, मोठा गैरव्यवहार झाल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं २०१४ ला निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमली. २०१७ ला तिचा अहवाल आला. त्या काळात खात्याचे मंत्री होते डॉ. विजयकुमार गावित. त्यांनी आरोप नाकारले आहेत. २०१४ ला ते भाजपात गेले. ऑगस्ट २०२२ ला मंत्री झाले, आणि खातं मिळालं आदिवासी विकास. तेच! ऑक्टोबर २०२३ ला ते भंडाऱ्याचे पालकमंत्रीही झाले. काही म्हणतील, तेही आदिवासीच ना, आपला मानूस. आपल्या मानसाले हिशोब मागू नये असं कोणत्या पेनाच्या ठाण्यावर ठरलं? आपल्या मानसाले तर पहिले मागावा.

ज्यांचे केस पिकले ते आणखी मागचं सांगतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या अधिवेशनावर गेलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, बाया-लेकरं त्यात जास्त. आपल्या भंडारा-गोंदियातलीही होती. गोवारींच्या मागणीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, मेलेल्यांबद्दल नाहीत. मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. दाणी आयोग बसला, आणि त्यानं कोणालाच दोषी धरलं नाही. नागपुरात स्मारक झालं, उड्डाणपुलाले शहिदांचं नाव मिळालं. पुलावरून गाड्या जातात.

तर हे सगळं पाहून मानूस म्हणते की काई होत नाई. यात त्याची चूक नाही.

पण आता दुसरी बाजू घ्या. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयानं माजी मंत्री सुनील केदार यांना नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्यात पाच वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाख दंड ठोठावला. आमदारकी गेली. शेतकऱ्यांच्या बँकेचे दीडशे कोटींच्या वर रोख्यांच्या व्यवहारात बुडाले ते २००२ साली, निकाल आला २१ वर्षांनी. सत्र न्यायालयात अपील झालं, जामीनही झाला. पारावर लगेच ऐकू आलं, “ते विरोधी पक्षात आहेत म्हणून. तिकडं गेले असते तं सुटले असते.” असेलही. आम्ही हे नाकारत नाही. वरच्या तारखा वाचल्यावर कोण नाकारेल? तरी एक गोष्ट त्या बोलण्यात सुटते. सत्तेनं कोणाची फाईल पुढं सरकवायची हे ठरवलं असेल, पण फाईल होती. त्यात कागद होते, रोख्यांचा हिशोब होता, साक्षी होत्या, एकवीस वर्षं कोणीतरी तारखेला जात होतं. जळगावच्या घरकुल घोटाळ्यातही तसंच. महापालिकेच्या आयुक्तांनी २००६ ला तक्रार दिली आणि २०१९ ला सुरेश जैन यांना सात वर्षांची शिक्षा अन् १०० कोटींचा दंड लागला. तेरा वर्षं. आणि १९८२ ला सिमेंटच्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालामुळं बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते तर सत्तेवर बसलेले होते. पुढं ते केंद्रात मंत्री झाले, हेही खरं.

सिंचनाचंही पाहा. जे थोडं झालं ते कोणामुळं? एका अभियंत्याच्या पत्रामुळं आणि नागपूरच्या जनमंच संस्थेनं खंडपीठात टाकलेल्या याचिकेमुळं. बैलगाडी मागून आली.

आता आपल्या घरचं. जंगलात मोळी तोडली, मोहासाठी झाडाखाली पाला जाळला, बांधी थोडी सरकवली की गार्ड पी.ओ.आर. फाडते. त्याच्यावर कोणी म्हणत नाही की खालच्या मानसाच्या कामाले मी जबाबदार नाही. दावा टाकला तर आपण सिद्ध करायचं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो. आदिवासी नसलेल्या ढिवर, गोवारी भावांनी तर तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. एक पुरावा चालत नाही, एकाहून जास्त लागतात. आजोबाचा दगड दाखवा, म्हाताऱ्याचा जबाब आणा, दंडाची पावती शोधा. गंमत पाहा, वनखात्यानं आपल्याले चोर ठरवून जी पावती दिली तीच आज आपला पुरावा झाली. आणि मंत्र्याची फायलीवरची सही मात्र मंत्र्याच्या विरुद्ध पुरावा होत नाही. आपला अंगठा कायम बांधलेला, त्यांची सही मोकळी. या सवालासाठी कोणा विद्वानाची गरज नाही, पालकमंत्री दौऱ्यावर येतील तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात हाच लिहून द्यायचा.

आणि ‘काई होत नाई’ हे वाक्य कोणाच्या कामी येते ते बघा. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. देशभर लोक उठले, २८ तारखेला त्याले स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे संपलं असं नाही, डोक्यावर टांगलेलं आहे. ज्यांचे दावे उपविभागीय समितीनं फेटाळले आणि ज्यांनी ‘काई होत नाई’ म्हणून पत्र फडताळात ठेवून दिलं, त्यांचं नाव त्या यादीत बसते. ज्यांनी अपील केलं त्यांचा दावा जिवंत आहे. मंत्र्याले काहीही न होवो, हा फरक आपल्या बांधीचा आहे. पट्टा नाही तर सातबारा नाही, सातबारा नाही तर आधारभूत केंद्रावर धान घेत नाहीत, व्यापाऱ्याले पडेल त्या भावानं द्यावं लागते. यंदाही कित्येकांनी तसंच दिलं.

वरचे लोक याच निराशेवर जगतात. त्यांच्याविरुद्धची फाईल बंद करायले त्यांना वकील लागतात, खातं लागते, पहाटेचा शपथविधी लागतो. आपली फाईल बंद करायले काहीच लागत नाही, आपणच करून टाकतो. फुकट!

म्हणून कामाचं बोलू. फेटाळलेल्या दाव्याचं पत्र दावेदाराच्या हातात मिळालं पाहिजे, त्यात कारण लिहिलेलं पाहिजे. ‘पुरावा अपुरा’ एवढ्या दोन शब्दांवर गप्प बसायचं नाही, कोणता पुरावा आणि का अपुरा ते विचारायचं. उपग्रहाच्या नकाशात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असेल तर कायद्यात तसं चालत नाही. नकाशा बाकी पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही. आपला जिल्हा पेसात नाही असं कार्यालयात कोणी सांगितलं तर सांगा की वनहक्क कायद्याले पेसा लागत नाही, गावची ग्रामसभा पुरते. पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडं अपील करता येते. उशीर झाला आणि कारण खरं असलं तर आणखी तीस दिवस मागता येतात.

पत्र ज्या दिवशी हातात आलं ती तारीख पत्राच्या मागं लिहून ठेवा, आणून देणाऱ्याची सही घ्या. अपिलाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. जुन्या दंडाच्या पावत्या उंदरांनी खायच्या आधी काढून प्लास्टिकात घाला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी वनहक्क समितीच्या सदस्यानं जायचं, त्यांना बोलवायचं नाही. हे पत्रक वाचून झालं की पुढच्या टोल्यावर द्या.