बंब कोण पेटवते?

कडेगाव परिसरात घर तापवण्याची गरज नसते. थंडीत तापवायचे ते आंघोळीचे पाणी. आता २००० वॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला, की मोबाइलवर नेमलेल्या वेळी तो सुरू होतो (वीज असली तर!). यावर ‘बंबाची ऊब गेली’ अशी हळहळ आमच्या साहित्यवर्तुळात हमखास ऐकू येते.

ही हळहळ आम्हांला संशयास्पद वाटते. आपल्या स्मरणरंजनपर ललित लेखांतील वाक्यरचना पाहावी: पहाटे बंबात पाणी तापलेले असते. अकर्मक क्रियापद! चारला उठून राख काढणारी, नळीत गोवऱ्या-चिपाडे सारणारी, धुराने डोळे चोळणारी बाई त्या वाक्यात कुठेच नाही. यंत्र येण्यापूर्वीच आमच्या गद्याने पाणी स्वयंचलित करून टाकले होते.

१८८३ साली विद्युत-थर्मोस्टॅटचे पेटंट घेणारे वॉरन जॉन्सन अमेरिकेत अध्यापक होते. तापमान पाहण्यासाठी शिपायाने पुन्हापुन्हा वर्गात यावे, हा व्यत्यय त्यांना नको होता. तिथे निदान राबणारा माणूस गोष्टीत दिसतो.

विहिरीवरची मोटर मोबाइलवरून सुरू करणारा स्टार्टर आला, शेतकऱ्याची रात्रीची खेप वाचली. त्यावर विरहगीत आमच्या वाचनात नाही. पुरुषाचे श्रम वाचले की सुधारणा, बाईचे वाचले की संस्कृतीचा ऱ्हास?

अनेक घरांत बंब अजून पेटतो, तो ऊबेच्या ओढीने नव्हे. चिपाडे शेतात फुकट मिळतात, विजेचे बिल रोख भरावे लागते. तो पेटवते कोण, हे येत्या सत्रात ललितगद्य शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना कर्त्यासह लिहायला लावणार आहोत.