विरार-डहाणूचे चौपदरीकरण : नवे मार्ग कोणासाठी?

पश्चिम रेल्वेच्या विरार ते डहाणू रोड या पट्ट्यात नित्य प्रवास करणारा मनुष्य हा सक्तीने रेल्वेतज्ज्ञ झालेला असतो. सकाळची कोणती लोकल वैतरणेपाशी सिग्नलला उभी राहणार, कोणती गाडी मागून येणाऱ्या एक्स्प्रेससाठी बाजूला घेतली जाणार आणि त्यापायी विरारची कोणती जलद लोकल हुकणार, याचा अंदाज तो फलाटावर उभ्या उभ्या सांगतो आणि तो सहसा चुकत नाही. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो या शहरांत आगगाड्यांचे मार्ग आणि वेळापत्रके यांचा हौसेने अभ्यास करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचा तो छंद आहे. पालघर-बोईसरकडील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना हाच अभ्यास पोटासाठी करावा लागतो, एवढाच काय तो फरक.

या फलाटावरच्या चर्चेत ज्या योजना मांडल्या जातात, त्या ऐकण्यासारख्या असतात. चर्चगेटहून विरारपर्यंत धावणाऱ्या जलद लोकल पुढे डहाणूपर्यंत का नेऊ नयेत? अमुक एक्स्प्रेस बोईसरला एक मिनिट थांबली तर कोणाचे काय बिघडणार? मुंबईत जागोजाग मेट्रो होत असताना ती पालघरपर्यंत आणायला हरकत काय? अशा सूचनांना अधिकारी मंडळी हसतात. ते हसणे योग्य नव्हे, कारण सूचनांमागील गरज खरी आहे. मात्र यांपैकी बहुतेक सूचना एका ठिकाणी येऊन अडतात, आणि ते ठिकाण म्हणजे जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे विरारच्या पलीकडे असलेले दोनच मार्ग. गाड्यांची संख्या हा दुय्यम प्रश्न आहे. मूळ प्रश्न मार्गांचा आहे.

थोडा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मुंबईहून गुजरातेत जाणारा हा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर उपनगरी वाहतुकीची सीमा विरारलाच थबकली ती थेट २०१३ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे तब्बल १४६ वर्षे! मधल्या काळात शहर वाढले, तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत उभी राहिली, बोईसरची वस्ती फुगली. परंतु लोकल विरारच्या पुढे सरकली नाही. याचे एक कारण निव्वळ तांत्रिक होते. चर्चगेट ते विरार हा मार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत असे आणि विरारच्या उत्तरेस २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह होता. जुन्या लोकलला विरारपुढची वीज चालत नसे. २०१२ च्या फेब्रुवारीत चर्चगेटपर्यंतच्या मार्गाचे रूपांतर पूर्ण झाले, आणि पुढच्याच वर्षी डहाणूची लोकल अवतरली. विजेची अडचण अशी दूर झाली, मार्गांची राहिली.

दोन मार्गांची अडचण किती मोठी आहे, हे साध्या अंकगणिताने कळते. विरार ते डहाणू रोड हे अंतर सुमारे ६४ किलोमीटर आहे. मधल्या वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर आणि वाणगाव या सातही स्थानकांवर थांबणारी गाडी ताशी सरासरी ५० किलोमीटर चालते असे धरू; तिला हे अंतर कापण्यास ७७ मिनिटे लागतील. कोठेही न थांबणारी एखादी गाडी ताशी सरासरी १०० किलोमीटर चालली तर तिला ३८ मिनिटे पुरतात. म्हणजे लोकल निघाल्यावर जवळजवळ चाळीस मिनिटे ही दुसरी गाडी सोडता येत नाही, अन्यथा ती वाटेत लोकलला गाठते. मग दोनच पर्याय उरतात : लोकल बाजूला उभी करून ठेवायची, किंवा ती चालवायचीच नाही. सर्व गाड्या एकाच गतीच्या असत्या तर त्या चाळीस मिनिटांत आठ-दहा गाड्या एकामागून एक सहज सुटल्या असत्या. मार्गाची क्षमता गाड्यांच्या वेगापेक्षा वेगांतील तफावतीवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मुंबई-दिल्ली मार्गावर ताशी १६० किलोमीटर वेगाची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली. २०२२ पासून मुंबई आणि गांधीनगर यांच्यामध्ये वंदे भारत धावू लागली. या गाड्यांविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. परंतु दोन मार्गांवर धावणारी प्रत्येक अतिजलद गाडी लोकलची जागा खाते, हा तिचा वैकल्पिक खर्च कोणत्याच जमाखर्चात दाखवला जात नाही. तो सफाळ्याला आणि वाणगावला फलाटावर उभे असलेले लोक भरतात.

मेट्रोच्या मागणीबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कुलाबा ते आरे हा मुंबईचा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याला ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. विरार-डहाणूच्या ६४ किलोमीटरांवर आणखी दोन मार्ग टाकण्याचा मंजूर खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास होता. भुयार आणि जमिनीवरील मार्ग यांची तुलना सरळ करता येत नाही हे मान्य केले, तरी किलोमीटरमागे वीसपट अंतर विचार करायला लावणारे आहे. पालघरकरांनी मेट्रो मागू नये. आपल्या वाट्याची स्वस्त गोष्ट आधी पदरात पाडून घ्यावी.

ही स्वस्त गोष्टही वेळेवर पदरात पडलेली नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात विरार-डहाणू चौपदरीकरणाला २०१६ साली मंजुरी मिळाली. आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेच्या कर्जाचा करार २०२० मध्ये झाला. २०२५ साल उलटेपर्यंत काम पुरे झाले नव्हते. भूसंपादन, खाडीवरील पूल, खारफुटी, वनजमीन ही कारणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. खारफुटीच्या रक्षणाचे नियम शिथिल करून रेल्वे लवकर यावी, असे किनाऱ्यावर राहणारा कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण ठाणे-दिवा या नऊ-दहा किलोमीटरांच्या पाचव्या-सहाव्या मार्गालाही २००८ ते २०२२ एवढा काळ लागला, हे पाहिले म्हणजे विलंबाचे सारे खापर खारफुटीवर फोडता येत नाही.

तथापि विलंबापेक्षा गंभीर असा एक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा फलाटावरही होत नाही, विधिमंडळातही होत नाही. चार मार्ग झाल्यावर ते वापरणार कोण?

सर्वसाधारण समजूत अशी की मार्ग दुप्पट झाले म्हणजे लोकल आपोआप दुप्पट होतील. ही समजूत भाबडी आहे. बोरिवली ते विरार हा पट्टा २००७ च्या सुमारास चौपदरी झाला. त्याचा लाभ झाला यात शंका नाही. परंतु त्या चार मार्गांपैकी जलद मार्गांवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जलद लोकल यांची सरमिसळ कायम राहिली, आणि अवघ्या बारा वर्षांत, २०१९ साली, त्याच पट्ट्यात पाचव्या-सहाव्या मार्गाची योजना मंजूर करावी लागली. ठाणे-दिवा येथील नवे मार्ग खुले होताच ज्या ३६ उपनगरी फेऱ्या वाढल्या, त्यांतील बहुतांश वातानुकूलित होत्या. म्हणजे नव्या क्षमतेचा पहिला हप्ता अधिक भाडे देऊ शकणाऱ्याच्या पदरात पडला. मोकळी क्षमता फार काळ मोकळी राहत नाही. ज्याचा आवाज मोठा, तो ती आधी व्यापतो.

आणि या जिल्ह्यात मोठ्या आवाजाचे दावेदार पुष्कळ आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प मच्छीमारांच्या तीव्र विरोधाला न जुमानता पुढे रेटण्यात आला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला येणार आहे. पासावर प्रवास करणाऱ्या कारकुनाला तिचा उपयोग काय, हे विचारणे आता शिष्टसंमत राहिलेले नाही. मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि तो न्हावाशेव्यापर्यंत पुरा झाला की जुन्या मार्गावरील मालगाड्या कमी होतील. ही सुटलेली जागा लोकलना द्यायची की आणखी लांब पल्ल्याच्या गाड्यांना, याचा निर्णय कोण आणि कधी घेणार?

जपानचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९६० नंतरच्या दशकात टोकियोकडे येणाऱ्या पाच प्रमुख दिशांच्या मार्गांवर मार्गांची संख्या वाढवण्याचा कार्यक्रम तेथील राष्ट्रीय रेल्वेने हाती घेतला. केवळ मार्ग वाढवून ते थांबले नाहीत. कोणत्या मार्गावर कोणती वाहतूक चालेल हे त्यांनी आधी ठरवले. योकोहामाच्या बाजूला मालगाड्या नव्या मार्गावर नेल्यानंतर रिकामा झालेला जुना मालवाहू मार्ग १९८० साली उपनगरी गाड्यांच्या हवाली करण्यात आला. आपल्याकडे वैतरण्याच्या उत्तरेस नेमकी हीच परिस्थिती उद्भवणार आहे.

रेल्वेची अडचणही समजून घेतली पाहिजे. उपनगरी मासिक पासाचे मूल्य साधारणतः पंधरा एकेरी फेऱ्यांच्या हिशेबाने ठरत आलेले आहे. २०१४ च्या जूनमध्ये ते तीस फेऱ्यांवर नेण्याचा प्रयत्न झाला आणि मुंबईतील संतापामुळे काही दिवसांत उपनगरांपुरता मागे घ्यावा लागला. पास महाग होऊ नये हे सर्वांनाच पटते, प्रस्तुत लेखकालाही. पण त्याचा परिणाम असा की जादा लोकल चालवण्यात रेल्वेला आर्थिक गोडी वाटत नाही. भाडे वाढवता येत नाही म्हणून फेऱ्या आखडत्या ठेवल्या जातात. मग प्रवासी पैशाऐवजी वेळ आणि अंग मोडून किंमत चुकती करतो. हे अदृश्य भाडे आहे. ज्याला बोईसरला आठ वाजता हजर व्हायचे असते आणि जो सहाच्या गाडीने निघतो, कारण सातची भरवशाची नसते, त्याने त्या दिवशी एक तास जास्तीचा भरलेला असतो.

यात एक गोष्ट पालघरच्या बाजूची आहे. २०१४ साली पालघर जिल्हा झाला; २०२१ मध्ये पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे वसई-विरारकडून उत्तरेस येणारा नोकरदार वर्ग वाढला, आणि बोईसरच्या कारखान्यांकडे तर तो पूर्वीपासून येतच होता. मुंबईच्या इतर मार्गांवर सकाळी एका दिशेने कोंबून भरलेली गाडी उलट दिशेने बरीच रिकामी परतते. येथे दोन्ही दिशांना माणसे आहेत. भांडवलाचा इतका पुरेपूर उपयोग दुसरीकडे क्वचितच होईल, आणि नेमक्या याच पट्ट्यात दोन गाड्यांमधले अंतर मोठे आहे.

आता सातपाटीचा विचार करू. सातपाटी रेल्वेपासून आठ-दहा किलोमीटर दूर, समुद्रावर. येथील पापलेटची ख्याती सर्वदूर आहे. २०२३ मध्ये त्याच माशाला राज्य माशाचा मान मिळाला. मानाने मासे वाढत नाहीत. पापलेटची आवक घटत चालल्याची तक्रार इथल्या मच्छीमारांना नवी नाही. दर्यावरचे उत्पन्न असे बेभरवशाचे झाले की कोळीवाड्यातील मुलगा पालघर स्टेशनची वाट धरतो. पाटी घेऊन मासळी विकायला जाणारी बाई तर केव्हापासूनच तिथे उभी आहे. या बाईचा दिवस कचेरीच्या वेळेवर चालत नाही. होडी केव्हा लागते आणि बर्फ किती टिकतो यावर चालतो. तिला पहाटेची गाडी हवी, मालडबा हवा आणि त्या डब्यात पाटी ठेवायला जागा हवी. चौपदरीकरणाच्या चर्चेत पुलांची लांबी येते, फलाटांची उंची येते. ही पाटी कोठेच येत नाही. सातपाटीहून पालघरला येणारी एस.टी. आणि तेथून सुटणारी लोकल यांच्या वेळा जुळवण्यास एक पैसाही खर्च येत नाही, तरी त्या जुळवण्याचे काम कोणाचे हे आजवर ठरलेले नाही. एस.टी. राज्याची, लोकल केंद्राची, आणि मध्ये उन्हात पाटी.

हक्काने बोलण्याचा अधिकार राज्य शासनाला निश्चित आहे. या प्रकल्पाचा निम्मा भार राज्य उचलते. मुंबई रेल्वे विकास महामंडळातही १९९९ पासून राज्याचे ४९ टक्के भांडवल आहे. निम्मे पैसे देणाऱ्याने नव्या मार्गांच्या वापराबाबत लेखी हमी मागितली तर त्यात वावगे काहीच नाही. चारपैकी दोन मार्ग सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत स्थानिक गाड्यांसाठी राखीव राहतील, विरार-डहाणू दरम्यान दोन लोकलमधील कमाल अंतर अमुक मिनिटांपेक्षा अधिक असणार नाही, आणि नव्या फेऱ्यांतील साध्या डब्यांच्या गाड्यांचे प्रमाण इतके असेल, असे तीन आकडे कराराच्या कागदावर यावयास हवेत. चौपदरीकरणाने पालघर-बोईसर परिसरातील जमिनीला जो भाव येईल, त्याचा काही अंश मुद्रांक शुल्काच्या रूपाने या गाड्यांकडे वळवता येतो; मुंबई-पुण्यात मेट्रोसाठी असा अधिभार २०२२ पासून आहेच. जमीनमालकाला मिळणारा हा लाभ त्याच्या कष्टाचा नसतो, रुळांचा असतो.

ही हमी रूळ टाकून होण्यापूर्वी घेतली पाहिजे. एकदा नवे वेळापत्रक छापून आले आणि रिकाम्या जागा लांबच्या गाड्यांनी भरल्या, की एकही गाडी मागे सरकत नाही. प्रत्येक गाडीच्या पाठीशी कोठल्या तरी शहराचा खासदार उभा असतो. उमरोळी किंवा वाणगाव येथील प्रवाशांच्या पाठीशी तेवढे बळ नाही. प्रवासी संघटनांनी थांब्यांची निवेदने देण्याऐवजी या वर्षी या तीन आकड्यांचे निवेदन द्यावे, आणि त्याची प्रत रेल्वेबरोबरच मंत्रालयातही पाठवावी.