काचेच्या पेटीतला समुद्र

गेल्या पौर्णिमेला आमच्या वडप्यात एका घरी परित्राण पाठ होता. वंदना आटोपली, चहा झाला. त्या घरचा मुलगा हायवेलगतच्या गोदामात कामाला जातो. त्याने मोबाईल पुढे केला. काचेच्या पेटीत जांभळे-हिरवे प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा. "काका, असा समुद्र आपल्या घरात ठेवता येईल का?" त्याची आई दारातूनच म्हणाली, "आत्ताच पाणातिपाता म्हटलंस ना? मग जिवांना कोंडून मारणार का?" मायलेकांचे दोन्ही प्रश्न मोलाचे वाटले, म्हणून आजचे सदर त्यावर.

फिशटँकची हौस आपल्या वस्त्यांना नवी नाही. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. शाळेच्या सहलीत किती तरी मुलांनी समुद्राचे रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. पुढे कुर्ल्याच्या बाजारातून गप्पी, गोल्डफिश प्लॅस्टिकच्या पिशवीत लोकलची गर्दी चुकवत घरी येऊ लागले. आम्हीही आणले. दर रविवारी सगळे पाणी फेकायचे, वाळू-दगड घासून लख्ख करायचे, नळाचे ताजे पाणी भरायचे. बुधवारपर्यंत दोन-तीन मासे उलटे तरंगत. शेजारी म्हणत, नजर लागली. कोणी म्हणे, घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले.

खरे कारण वेगळेच होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. वाळूवर, दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. आम्ही दर रविवारी घासून फेकत होतो ते हेच राखणदार! शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन होतेच. कारणावाचून कार्य घडत नाही, हे बुद्धाने सांगितले. विहारात ते मान हलवून ऐकणारे आम्ही, घरी मेलेल्या माशाचे कारण मात्र शोधले नव्हते.

खाऱ्या पाण्याच्या पेटीचा इतिहासही असाच कारणे शोधण्याचा आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झाले. पाठोपाठ १८५४ साली फिलिप गॉस यांचे पुस्तक आले आणि तिकडे घरोघरी ही हौस पसरली. पण समुद्राचे नाजूक जीव पेटीत टिकत नसत. कितीतरी वर्षे घरच्या पेटीतले प्रवाळ म्हणजे शोभेला ठेवलेला पांढरा सांगाडा. १९६० च्या सुमारास इंडोनेशियात जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले दगड, पेटीत ठेवले आणि पाणी राखण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रखर दिवा आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र जोडले. प्रवाळ घरात जगू लागले. आता त्या तापट दिव्यांच्या जागी एलईडी आले आहेत.

प्रखर दिवा कशाला? प्रवाळ दगडासारखे दिसते, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला देते. उजेड गेला की दोघांची उपासमार. ज्योतिषी मंगळाच्या नावाने अंगठीत घालायला सांगतो ते पोवळे याच कुळातल्या जिवाचा सांगाडा! मेलेल्या जिवाचे हाड आपले भाग्य कसे बदलणार, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता आईचा प्रश्न. फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकापासून पाण्यात सायनाईड सोडून, गुंगवून मासे पकडले जाऊ लागले. त्यात प्रवाळ मेले, पकडलेले मासेही पुढे मेले. हौस एकाची, जीव दुसऱ्याचा. आता बदल झाला आहे तो इथे. तो नारिंगी क्लाऊनफिश पिंजऱ्यातच अंड्यापासून वाढवता येतो. आपल्या शेजारी ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही हे काम झाले आहे. परदेशात प्रवाळाचे तुकडे करून त्यांची रोपांसारखी वाढ करतात. आपल्याकडे मात्र २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. जिवंत असो वा वाळलेले, कोणी विकायला आणले तर घेऊ नये.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले, प्रवाळाचा नाद सोड. खाऱ्या पाण्याच्या पेटीला खास मीठ लागते, गाळलेले पाणी लागते, रात्रंदिवस वीज लागते. बराच वेळ दिवे गेले तर सगळे गमावण्याची भीती. गप्पीची पेटी कर. आधी पाणी महिनाभर मुरू दे, मग थोडेच मासे सोड. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल, तेही रात्रभर उघडे ठेवलेले. दगड साबणाने धुवू नकोस. नकोसे झालेले मासे ओढ्यात सोडू नकोस.

आणि प्रवाळ पाहायचेच असेल तर ओहोटीला मुंबईचा खडकाळ किनारा गाठ. हाजीअली-वरळीला प्रवाळ आहे. २०२० साली सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. बघायचे, हात लावायचा नाही.

आई म्हणाली, "मग पाणी कोण बदलणार? मीच ना?" मुलगा हसला. हौस त्याची, तर बादलीही त्यानेच उचलावी. जीव घरात आणला की त्याची जबाबदारीही घरात येते. पंचशील रोज पाळायचे ते असेच.

जयभीम!