‘निरंक’ची किंमत

अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एक विलक्षण रेडिओसंच अनेक वर्षे चालू आहे. तांब्याचा पोकळ दंडगोल, भोवती पृथ्वीच्या चुंबकत्वाहून लाखपटीने प्रबळ असा चुंबक आणि निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरचे तापमान. रेडिओ सिलोन लावताना खुंटी हलक्या हाताने फिरवावी लागे. तद्वत येथे दंडगोलातील सळ्या किंचित सरकवून एकेक कंप्रता तपासली जाते. शोध आहे ॲक्सिऑन या कणाचा. आजवरचा अहवाल, कारकुनी भाषेत, निरंक.

अणुगर्भातील बलाविषयी पेच्ची व क्विन यांनी १९७७ साली मांडलेल्या उपपत्तीतून हा कण निष्पन्न होतो, असे पुढल्याच वर्षी वाइनबर्ग व विल्चेक यांनी दाखविले. उपपत्तीवरचा डाग तो काढतो म्हणून विल्चेक यांनी त्याला कपडे धुण्याच्या एका पावडरीचे नाव दिले. (जीन्स धुलाईच्या पाण्याने रंगलेली वालधुनी पाहिलेल्या उल्हासनगरकरांना या नामकरणाचे कौतुक कितपत वाटेल, हा प्रश्न वेगळा.) विश्वातील सुमारे पाच-षष्ठांश द्रव्य अदृश्य आहे, ते याच कणांचे असू शकेल. तसे असल्यास प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांचे रूपांतर सूक्ष्मलहरींत होईल, ही युक्ती सिकिवी यांनी १९८३ साली सुचविली. २०१८ साली सिएटलच्या संचाने ६४५ ते ६८० मेगाहर्ट्झचा पट्टा पुरेशा संवेदनक्षमतेने तपासला. तेथे कण नाही, एवढे कळले.

बदलापूरहून रोज लोकलच्या दारात लोंबकळत मुंबई गाठणारा नोकरदार विचारील, की एवढा खर्च करून मिळाले काय? प्रश्न उद्दाम नाही. ज्या देशात संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च होत नाही, तेथे तर तो विचारलाच पाहिजे. परंतु ‘नाही’ हेही उत्पादनच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कोलारच्या खोल सोन्याच्या खाणीत प्रोटॉनचा ऱ्हास शोधला. काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, पण इतरत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. त्याच शोधासाठी जपानमध्ये कामिओका येथे उभारलेल्या टाकीलाही तो ऱ्हास दिसला नाही. मात्र १९८७ साली फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो तिने टिपले आणि त्या कार्याबद्दल कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. निरंक नोंद प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या यंत्राचीच अनपेक्षित नोंद जग खरी मानते.

आपली खरी उणीव पैशाइतकीच येथे आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत पुस्तकातले उत्तर आधी पाहून त्यावरून वाचने मागाहून ‘बसविण्याची’ रीत शिक्षकांना व विद्यार्थ्यांना सारखीच परिचित आहे. गुरुत्वत्वरण ९.८ आलेच पाहिजे, ९.३ आले तर वही परत! हाच विद्यार्थी उद्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तपासनीस म्हणून उभा राहतो. तेथे सुट्या भागाचे माप जे भरेल तेच लिहायचे असते. हवे ते लिहिल्यास यंत्र अडते आणि माल परत येतो. वर्गात तीन वर्षे लावलेली सवय कारखान्याच्या फाटकाशी गळून पडेल, ही अपेक्षा भाबडी होय.

विद्यापीठाने प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत अंतिम उत्तराचे गुण घटवून ते कच्च्या नोंदींना आणि त्रुटीच्या हिशेबाला द्यावेत. त्यासाठी नवे उपकरण लागणार नाही, अनुदानही लागणार नाही. परीक्षकांना मात्र वह्या वाचाव्या लागतील.